प्रश्नोत्तरे, वीस मिनिटे

चौथ्या दिवशी वेळापत्रकात लिहिलं होतं:
गावभेट. प्रश्नोत्तरे, वीस मिनिटे.
वेळापत्रक मीच केलं होतं.

नऊ पोरं. कोणी नुकतं एम.एस्सी. झालेलं,
कोणाची पीएच.डी. पहिल्याच प्रकरणात रुतलेली.
तीन दिवस त्यांना शिकवत होते,
वरच्या हवेत गंधकाचे कण सोडले तर ऊन किती उतरतं,
आणि सोडणं एकदम थांबवलं तर काय होतं;
कुठला करार कुठल्या कलमाला अडतो;
मॉडेलमधला एक चौकोन म्हणजे
अख्खा दारव्हा तालुका, आणि शेजारचा अर्धा.
रेश्मा उईकेनं विचारलं,
चौकोनात पाऊस सगळीकडे सारखाच पडतो का?
मी म्हटलं, मॉडेलमध्ये हो.
ती हसली नाही.
तिचं गाव चौकोनाच्या कडेवर येतं.

बोरगव्हाणच्या पंचायतीत
पडदा म्हणून चादर, सतरंजीला तुरीच्या पोत्यांचा वास.
हरभरा काढणीचे दिवस, माणसं थोडीच.
कुणाल बोरकुटे उठला, शर्ट नीट खोचलेला.
काळ्या दगडाची भुकटी, तो म्हणाला, शेतात पसरायची.
पावसाचं पाणी तिच्यात मुरतं,
हवेतला कार्बन शोषला जातो, तो हजारो वर्षं सुटत नाही.
दगड इथलाच. खदानही इथलीच. वाहतूक कमी.
बाटलीत थोडी भुकटी होती, ती त्यानं फिरवायला दिली,
लग्नातल्या अत्तरदाणीसारखी.

जैतुबाई आत्रामपाशी बाटली थांबली.
तिनं झाकण उघडलं नाही.
उजेडात धरून पाहिली,
ओळखीच्या माणसाचा जुना फोटो पाहावा तशी.

"अकरा वर्स क्रशरवर होती मी, बाप्पा.
हे भुकटी माह्या छातीत बी हाये.
थे किती शोषते, सांग."

कुणालच्या हातातला लाल ठिपका
चादरीवरून घसरला, भिंतीवर गेला,
भिंतीवरून छतावर.
बटण सोडायचं राहून गेलं होतं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं.
हे शिकवणं होतं की पळ काढणं,
माझं अजून ठरलेलं नाही.

मग फैझान बोलला, मागून, जरा जास्तच जोरात:
मावशी, न विचारताच तर झालंय सगळं आधी.
फेब्रुवारीतलं हे ऊन कोणी ठराव करून आणलं?
आता काही केलंच नाही, तर तेही कोणाला विचारून?
बरोबर होतं त्याचं.
दुसऱ्या दिवशी फळ्यावर मीच लिहिलं होतं ते.

"मंग तुमी तरी इचारून करा," ती म्हणाली.
"अन् आमी नाही म्हटलं, तं कोनाले सांगाचं?
त्याचा नंबर देऊन जा."

नंबर.
नऊ जणांनी नऊ वह्या चाळल्या.
संस्थेचा? पाचनंतर तिथं कोणी उचलत नाही.
कलेक्टर ऑफिसचा?
की सह्या करायला जमलेल्या त्या एकशे कितीतरी देशांचा?
सरपंचांनी चहा सांगितला.
दीड तास झाला होता.

रात्री शाळेच्या व्हरांड्यात
कुणाल एकटाच लॅपटॉपपाशी.
मला वाटलं, रडतोय. तो आकडे लावत होता.
मॅडम, म्हणाला, भुकटी जितकी बारीक, तितकी लवकर शोषते.
आणि जितकी बारीक, तितकी खोल जाते.
एकच आकडा आहे, मॅडम,
दोन्ही तक्त्यांत तोच.

मी म्हटलं, दोन्ही तक्ते एकाच पानावर घे.
याहून शहाणं काही सुचलं नाही.

निघताना सामानाची यादी तपासली.
चादर परत केली, प्रोजेक्टर आला,
सतरा अभिप्राय, त्यातले चार कोरे.
बाटल्या भरल्या तेव्हा आठ होत्या. सात मिळाल्या.
रेश्मानं यादीत पेननं लिहिलं:
नमुना क्रमांक सहा. गावात.
खाली माझी सही हवी होती.